उस्तादांचं कुजकं रीळ

उस्ताद कुणाशी भांडायचे न्हाईत. ते शिवायचे.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं अन् मी तिथं कारागीर. कुणी अपमान केला की उस्ताद मान खाली घालायचे, ‘हौ साब, सही बात है साब’ म्हणायचे, अन् त्या माणसाचं कापड मशीनवर घेताना खणातनं एक पत्र्याचा डबा काढायचे. त्यात एकच रीळ होतं. दिसायला बाकीच्या रिळांसारखंच, पण दोरा दोन बोटांत धरून झटका दिला की तुटायचा. भूकंपात दुकानाची मागची भिंत पडली, वरनं पाऊस, दोऱ्याचं खोकं आठ दिवस चिखलात पडून होतं. सगळा दोरा कुजला. उस्तादांनी बाकीची रिळं फेकली, एक वाळवून ठेवलं. मी म्हणलं, हे कशाला? तर म्हणाले, "माणसं दोन प्रकारची असतेत, नाग्या. दोरा बी दोन प्रकारचा पाहिजे."

त्या रिळानं ते सगळं कापड शिवायचे न्हाईत. फक्त एक शिवण. कुठली, ते माणूस बघून ठरवायचे. "अन् घाई करायची न्हाई," असं मला समजावायचे. "पहिल्या धुण्याला फाटलं तर लोक शिंप्याला शिव्या देतेत. तिसऱ्या धुण्याला फाटलं तर बायकोला."

तवा लातुरात क्लासचं पीक आलं होतं. कंधारचं पोरगं, हदगावचं पोरगं, सगळ्यांच्या बापाला पोरगं डाक्टर पाहिजे. गल्लीगल्लीत फिजिक्स, गल्लीगल्लीत केमिस्ट्री. अशाच एका क्लासचे सर सफारी शिवायला आले. एक दिवस उशीर झाला म्हणून भर दुकानात पोरांसमोर उस्तादांना म्हणाले, "ए शिंप्या, घड्याळ कळतं का तुला?" उस्ताद म्हणाले, "हौ साब." सर गेले. डबा निघाला. महिनाभरानं सर फळ्यावर वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहायला गेले अन् सफारी काखेपासनं कमरेपर्यंत उघडली. समोर तीनशे पोरं. आत बनियन होतं, त्याला बी भोकं होती, पण ती आमची न्हवती. बातमी दुकानात आली तवा उस्ताद सुईत दोरा ओवत होते. "अरेरे," म्हणाले. "कापड हलकं असंल."

घरात मात्र त्यांच्यावरच बदला चालू होता. भूकंपाच्या पहाटे जमीन हलली तवा उस्तादांनी आधी पायडलची मशीन पाठीवर घेतली अन् अंगणात आणली, मग माघारी जाऊन चाचीला हाक मारली. चाची म्हणजे त्यांची बायको. तिनं हे कवाच माफ केलं न्हाई. तवापासनं दर शुक्रवारी उस्तादांच्या डाळीत मीठ नसायचं. "मशीनला सांगा मीठ घालायला," म्हणायची. उस्ताद बिनमिठाची डाळ निमूट खायचे अन् मला हळूच सांगायचे, "चाची सोताच्या पायानं चालते रे. मशीनला चार पाय हाएत, पण चालता येतंय का?"

त्या दिवसापासनं उस्तादांची पाठ दुखायची. मशीन उचलताना चमक भरली, असं ते म्हणायचे, चाची म्हणायची, सगळी गल्ली म्हणायची. कुणी विचारलं तर एकच उत्तर, ‘भूकंपाची पाठ हाय.’ हे नाव ध्यानात ठेवा. ह्या नावानंच पुढं घात केला.

आता माझं सांगतो. मी शिरूर अनंतपाळकडचा. शाळेत दोन वर्षं गेलो, त्यातलं एक वर्ष चुकून दुसऱ्याच वर्गात बसलो. पुढं हॉटेलात कपबशा फोडल्या, मोंढ्यात पोती पाडली, अन् पंचवीस वर्षांचा घोडा होऊन उस्तादांच्या दारात आलो. त्यांनी काज-बटनावर बसवलं. तेवढंच जमलं. माझ्यात दोनच गुण होते. एक, लोकांना हसवायचं. दुसरा गुण म्हणजे मी पायाळू. आईच्या पोटातनं आधी पाय भायेर काढले, डोकं नंतर, अन् आई म्हणायची डोकं अजून पुरतं आलंच न्हाई. पण पायाळू माणसाची लाथ पाठीला लागली की भरलेली उसण उतरती, हे आपल्याकडं लेकराला बी ठाऊक हाय. मोंढ्यातले हमाल दुकानात येऊन पालथे पडायचे, मी पायाचा अंगठा लावायचो, ते चहा पाजून जायचे. उस्ताद हसायचे. "तुझे पाय उलटे, अक्कल बी उलटी."

त्यांनी मला रिळाचा प्रसाद दिला तो माझ्या लग्नात. चूक माझीच होती. एका कॉलेजची माणसं दोनशे गणवेशांचं काम घेऊन आले होते. उस्ताद नमाजाला गेले होते. मी आपलं हसवायला म्हणलं, "उस्तादांना आता दिसत न्हाई, परवा एका पँटीला तीन पाय लावले." माणसं हसली. हसत हसत उठली, अन् समोरच्या दुकानात गेली. उस्ताद माघारी आले, सगळं कळलं, मला काहीच बोलले न्हाईत. उलट म्हणाले, "तुझ्या लग्नाचा सूट मी शिवतो. माझ्याकडनं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी असला शहाणा, की डबा निघालेला डोळ्यांनी बघून बी मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी कापड हाय.

मांडवात सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो, अन् मागनं आवाज आला. आधी वाटलं फटाका. मग वारं लागलं. बँडवाले वाजवायचे थांबले. सासूनं तोंडाला पदर लावला, अन् धाकट्या मेव्हण्यानं जागच्या जागी नाव ठेवलं, ‘फाटके दाजी’. आजबी त्या गावात ‘नागनाथ’ विचारलं तर कुणी सांगायचं न्हाई, ‘फाटके दाजी’ म्हणलं की पोरं घरापर्यंत आणून सोडतेत. उस्ताद पंगतीत बसले होते. मी कमरेला टॉवेल गुंडाळून वाढायला गेलो तर म्हणाले, "तुझ्यासाठी तिसऱ्या धुण्याची वाट बघितली न्हाई. लग्नाचा सूट तीनदा कोण धुतंय?"

मी त्याच टॉवेलावर शपथ घेतली. उस्ताद, ह्याचा बदला न्हाई घेतला तर नाव सांगणार न्हाई.

बारा वर्षं मी बदलाच घ्यायलो होतो, पण प्रत्येक वेळी तो मलाच लागायचा. त्यांच्या गादीवर खाजकुइली टाकली अन् त्या दिवशी ते सुट्टीवर, गल्ल्याजवळ मीच बसलो. त्यांची कात्री बोथट केली, तर ती त्यांनी माझ्याच हातात दिली अन् संध्याकाळपर्यंत कॅन्व्हास कापायला लावला. नोकरी सोडावी तर दुसरं कोण ठेवणार? अन् खरं सांगू का, सोडवत बी न्हवतं. माणूस वैरी असला तरी त्याच्या शेजारी बसायची सवय लागती.

मग उस्तादांचे पाय बिघडायला लागले.

आधी मशीनचा आवाज बदलला. त्यांचं पायडल म्हणजे घड्याळ. गल्लीतले लोक त्या आवाजावर दुपारचं झोपायचे. ते मधीच अडखळायला लागलं. शिवण वाकडी जायला लागली. मग चप्पल. दुकानात यायचे तर एका पायात चप्पल, दुसरी मागं रस्त्यात पडलेली, अन् ह्यांना पत्ताच न्हाई. एक दिवस तर टाचेत टाचणी घुसलेली घेऊन सकाळपासनं हिंडत होते. फरशीवर रक्ताचे ठिपके बघून मीच म्हणलं, "उस्ताद, तुमच्या पायाला कानफटात मारली तरी कळायचं न्हाई." गिऱ्हाईक हसलं. मी उठून त्यांच्यासारखं पाय ओढत चालून दाखवलं, ते अजून हसलं. उस्ताद समोरच्या आरशात बघत होते. त्यांनी डबा काढला न्हाई. टाचणी काढली, अन् बराच वेळ तिच्याकडं बघत बसले.

चाची म्हणायची, "हे आडवं झोपत न्हाईत. आडवं झालं की पाठ जास्ती दुखती, म्हणून भिंतीला टेकून बसतेत." मी म्हणायचो, भूकंपाची पाठ हाय, चाची. सगळेच तसं म्हणायचे. एकदा नाव पडलं की माणूस पुढं विचार करत न्हाई. माझंच बघा, मला फाटका म्हणतेत, पुढं कुणी विचारत न्हाई.

एका रविवारी सकाळी दुकान उघडलं तर उस्ताद आधीच आत. कापड कापायच्या टेबलावर पालथे पडलेले. मला वाटलं गेले. तर आवाज आला, "नाग्या. मार."

"काय मारू, उस्ताद?"

"लाथ, भडव्या. तू पायाळू हाएस ना? हमालांना मारतोस, मला मार."

माझा कानावर विश्वास बसंना. बारा वर्षं ज्या पाठीवर दात खात बसलो, ती पाठ माझ्यासमोर, अन् वरनं विनंती. मी चप्पल काढली. देवाचं नाव घेतलं. पहिली लाथ रीतीप्रमाणं, नुसता अंगठा. दुसरी मारली ती फाटक्या पँटीच्या नावानं. तिसरी ‘फाटके दाजी’च्या नावानं, टाच लावून. उस्ताद ‘या अल्ला’ म्हणाले. लग्नात बी एवढा आनंद झाला न्हवता मला.

उस्ताद सावकाश उठून बसले. कंबर हलवून बघितली. म्हणाले, "आराम पडला रे."

घ्या. बारा वर्षांचा बदला, अन् त्याचं औषध झालं!

मग दर रविवारी तेच. ते पालथे पडायचे, मी लाथा मारायचो. सासऱ्याच्या नावानं एक, बँडवाल्याच्या नावानं एक, खाजकुइलीची एक. नावं संपली तर परत पहिल्यापासनं. ते म्हणायचे आराम पडतोय, मी म्हणायचो मला बी. असे आठ महिने गेले. त्यांचे पाय अजून जड झाले, ते भिंत धरून चालायला लागले, अन् मी पायाचा जोर वाढवला. डाक्टरकडं जा असं चाची म्हणली की उस्तादच म्हणायचे, "नाग्या हाय ना."

एका रविवारी लाथ मारली अन् म्हणलं, "उठा." ते उठले न्हाईत. हातावर जोर देऊन वर झाले, अन् कमरेखालचं तसंच पडून राहिलं, मापं घेऊन ठेवलेल्या कापडासारखं. त्यांनी सोताच्या मांडीला चिमटा काढला. मग माझ्याकडं बघितलं.

"नाग्या, पाय कुठं गेले रे?"

मला एवढंच दिसायलं होतं की माझी टाच अजून हवेत हाय.

मी त्यांना पाठुंगळी घेतलं. भूकंपात त्यांनी मशीन जशी आणली तशीच. गल्लीतनं रिक्षापर्यंत त्यांचे पाय माझ्या दोन्ही बाजूंनी लोंबत होते अन् मागनं चाची चपला घेऊन पळत होती. लातुरात मणक्याचा फोटो काढला, तो मोठा, बोगद्यात घालून काढतेत तो. तिथल्या डाक्टरांनी फोटो उजेडाला धरला अन् म्हणाले, मणक्याच्या आत गाठ हाय, मज्जारज्जू दाबून टाकलाय. आजच्या आज नांदेडला न्या, तिथं मणक्याचे सर्जन हाएत, छोट्या छिद्रातनं काढतेत.

जीपमधी उस्ताद मागच्या सीटवर एका कुशीवर आडवे, डोकं चाचीच्या मांडीवर. मी पुढं बसून मनातल्या मनात लाथा मोजत होतो. आठ महिन्यांचे रविवार गुणिले तीन. मला गुणाकार येत न्हाई, पण त्या दिवशी आला.

नांदेडचे सर्जन तरणे होते. बोलायला गोड. उस्तादांच्या पायावर पिसानं, सुईनं टोचून बघितलं. विचारलं, "बाबा, झोपल्यावर दुखणं वाढायचं?"

"हौ. बसून झोपायचो."

"तेव्हाच यायला हवं होतं. पाठीला कधी मार लागला होता?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता डबा निघतोय. उस्ताद म्हणाले, "न्हाई साब. भूकंपात मशीन उचलली होती, तेवढंच."

मी भायेर पळालो. डाक्टर निघाले तसं त्यांना व्हरांड्यात धरलं अन् सगळं सांगितलं. पँट, बँड, दाजी, टाच, सगळं. आधी त्यांना हसू आवरंना. मग तेच तोंड कडक झालं.

"लाथेनं गाठ होत नसते. ही गाठ कित्येक वर्षं आतल्या आत वाढत असणार. पण पाय बधिर व्हायला लागले, टाचणी टोचलेली कळेना, तरी तुम्ही आठ महिने लाथाच मारत बसलात. गाठ तुमची नाही. ते आठ महिने मात्र तुमचे."

"पाय येतील का, साहेब?"

"गाठ काढणं माझ्या हातात आहे. पाय किती येतील, ते आज कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय."

ऑपरेशनच्या आधी डाक्टर उस्तादांना समजावायला आले. उस्तादांनी गिऱ्हाइकासारखं न्हाई, कारागिरासारखं विचारलं. "साब, केवढं कापणार?"

"पूर्वी वीतभर पाठ उघडायचो. आता एक इंच. त्यातून नळी घालतो. आधी बारीक, तिच्यावरून जाड, अशी जागा करत करत. मांस कापत नाही, बाजूला सारतो. हाड थोडंसं कोरायचं. नळीतून सूक्ष्मदर्शकानं बघत आतलं आवरण उघडायचं, नसेवरून गाठ सोडवायची, अन् आवरण परत शिवायचं."

"म्हणजे अस्तर बी शिवणार? नळीतनं?"

"हो, नळीतनंच."

"टाका दुहेरी घालता का?"

डाक्टर हसले. "बाबा, एक थेंब पाणी बाहेर येणार नाही असा घालतो."

डाक्टर गेल्यावर उस्तादांनी मला जवळ बोलावलं. चेहरा घाबरा. आयुष्यात पहिल्यांदा तसा बघितला. "नाग्या, ह्या डाक्टरशी लई अदबीनं बोल. उलटं काही बोलू नको. चेष्टा तर करूच नको."

"का, उस्ताद?"

"त्याच्याकडं बी दोन प्रकारचा दोरा असंल."

चार तास आम्ही भायेर बसलो. चाची तसबीहचे मणी ओढत होती. मी पाय पोटाशी घेऊन बाकड्यावर बसलो होतो, फरशीला लावायची लाज वाटायली होती. मधीच चाची म्हणली, "नागनाथ, एवढं पार पडू दे. शुक्रवारी बी मीठ घालीन." तवा मला कळलं की हे गंभीर हाय. तेरा-चौदा वर्षांचं वैर सोडायला निघाली होती बाई.

डाक्टर भायेर आले. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. पुढं तपासणीत ती साधीच निघाली, कॅन्सरची न्हवती. बाटलीत दाखवली. बोराएवढी. त्या बोरानं एक माणूस कमरेखाली मारला होता.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना कुशीवर केलं तवा त्यांनी मला मागं पाठवलं. "बघ. शिवण कशी हाय?"

मी बघितलं. एवढीशी पट्टी. डोळ्यांवर भरोसा बसंना. "उस्ताद, काजाएवढं हाय हो. कोटाच्या काजाएवढं."

"खोटं बोलू नको."

"तुमच्यान. मी आयुष्यभर काजंच केलीत, मला मापातलं तेवढंच कळतंय."

ते म्हणाले, "एवढ्या काजातनं एवढं बटन भायेर काढलं. हे पोरगं शिंपी झालं असतं तर आपलं दुकान बंद पडलं असतं."

पण पाय हलंनात. आठ दिवस झाले, पंधरा झाले. व्यायाम शिकवणारा माणूस यायचा, पाय वर-खाली करायचा. दुखणं मात्र गेलं होतं. उस्ताद आडवं झोपायला लागले, घोरायला लागले. लातुरात आणल्यावर पहिली आंघोळ मी घातली. दुसरी घातली. तिसऱ्या आंघोळीला म्हणाले, "आता नीट बघ. उसवलंय का?"

"न्हाई, उस्ताद."

"ओढून बघ."

"न्हाई ओढत."

"म्हणजे चांगला दोरा वापरला," म्हणाले अन् मोठा श्वास सोडला. तीन आंघोळी माणूस जीव मुठीत धरून बसला होता.

मी रोज दुकान बंद करून त्यांच्या घरी जायचो अन् त्यांचे पाय चोळायचो. ज्या पायानं मारलं तो पाय खाली घेऊन बसायचो. महिन्यानं उजवा अंगठा हलला. मी ओरडलो तर म्हणाले, "ओरडू नको, मी हलवलाय, तू न्हाई." मग त्यांनी मशीन खाटेजवळ आणायला लावली अन् रोज दोन्ही पाय उचलून पायडलवर ठेवायला लावायचे. पाय नुसते ठेवलेले. एक दिवस मी ओसरीत चहा घेत होतो अन् आतनं आवाज आला. खट. मग बराच वेळ काही न्हाई. मग खट, खट. चाची तव्यावरची भाकर तशीच सोडून दारात उभी राहिली. जळाली भाकर. त्या दिवशी शुक्रवार होता, अन् डाळीत मीठ न्हवतं. चाची म्हणली, "पाय आले ना? मग मशीनला सांगा."

काठी घेऊन का होईना, उस्ताद दुकानात यायला लागले. आल्याबरोबर पहिलं काम काय केलं? टेप गळ्यात घातला अन् मला म्हणाले, "उभा राहा. माप दे."

"कशाचं?"

"तुझी सफारी शिवायची हाय."

"उस्ताद, मला नको सफारी."

त्यांनी छातीवरनं टेप फिरवला अन् टेप मागनं ओढून धरला. हळूच कानाशी बोलले. "पहिली लाथ रीतीची होती. दुसरी तुझ्या लग्नाची. मी शिंपी हाय, नाग्या. कापडावर कुठं किती जोर पडला, मला कळतंय."

मी म्हणलं, "मग बोललाव का न्हाई? डाक्टरनं विचारलं तवा तरी?"

"आराम पडत होता. खरंच पडत होता." टेप सोडला. "अन् मनात म्हणलं, बारा वर्षं वाट बघितलीय ह्यानं. मारू दे. तिकडं डाक्टरसमोर कशाला बोलू? तू माझा कारागीर हाएस. तुझा बदला दुसऱ्याच्या हातनं घेऊ का?"

आठ दिवसांनी सफारी तयार. राखी रंगाची. असली शिलाई लातुरात कुणाच्या अंगावर न्हवती. मी हातात घेतली तर म्हणाले, "तुझा बदला ह्यात घातलाय. कुठं, ते सांगणार न्हाई. तिसऱ्या धुण्याला कळंल."

तवापासनं मी माणसात राहिलो न्हाई. सफारी घालायची तर आत दुसरी पँट घालायची. खिशात सुई-दोरा. पोरीला घेऊन क्लासच्या ॲडमिशनला गेलो, सर म्हणाले बसा, मी म्हणलं उभाच बरा. मेव्हण्याच्या लग्नात सासऱ्यासमोर वाकायची वेळ आली, मी सरळ साष्टांग नमस्कार घातला, लोक म्हणाले केवढी भक्ती. तिसरं धुणं झालं. काही न्हाई. सातवं झालं, विसावं झालं. उस्तादांना विचारलं की ते सुई दातात धरून हसायचे. "कुठंय, उस्ताद?" "हाय, हाय."

बारा वर्षं असं चाललं. मग एका सकाळी उस्ताद मशीनवर बसल्या बसल्या गेले. पाठीनं न्हाई, काळजानं. पाय पायडलवरच होते. मी त्यांनी शिवलेली सफारी घालून जनाज्याला गेलो. खांदा द्यायला हात वर केला तवा वाटलं, आता. काखेत आता फाटणार. सगळ्या लोकांत. फाटू दे, म्हणलं. हसू दे सगळ्यांना. कबरस्तानापर्यंत हात वरच ठेवला. एक टाका हलला न्हाई.

चाळिसाव्या दिवसाची फातेहा झाल्यावर चाचीनं तो पत्र्याचा डबा मला दिला. "तुझ्यासाठी ठेवायला सांगितलं होतं," म्हणली. आत ते रीळ. मी दोरा ओढला, तटकन तुटला. रिळावर थोडाच राहिला होता. म्हणजे बाकीचा कुठं तरी गेला होता. कुठं गेला, ते मला कळलं असं मला वाटलं.

घरी आलो. सफारी जमिनीवर पसरली, ब्लेड घेतलं अन् काखेपासनं सुरू केलं. टाका काढायचा, दोरा झटकून बघायचा. पक्का. दुसरी काख. पक्का. खांदा, कॉलर, पँटीची आसनाची शिवण. ती तर तिहेरी मारलेली. खिसे काढले, पट्टा काढला. प्रत्येक दोरा चांगल्यातला चांगला, बोट कापंल पण तुटणार न्हाई असा. दुपारची संध्याकाळ झाली. बायको दारात येऊन उभी राहिली. जमिनीवर बाह्या एकीकडं, पाठ एकीकडं, पँटीचे दोन पाय दोन कोपऱ्यांत.

"काय करायलाव हे?"

"उस्तादांचा बदला हुडकायलो."

तिनं एकदा जमिनीकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या ब्लेडकडं. "मग सापडला की," म्हणली अन् चहा ठेवायला गेली.

मी तिथंच बसून हसलो. मग हसायचं थांबंना, म्हणून तोंडावर सफारीची पाठ दाबून धरली. पाठ म्हणजे कापडाची.

दुसऱ्या दिवशी सगळे तुकडे गाठोड्यात बांधून दुकानात नेले. त्यांच्या मशीनवर बसलो, पहिल्यांदा. माझे उलटे पाय त्यांच्या पायडलवर. काज-बटनावर आयुष्य काढलेला माणूस सफारी काय जोडणार? डावी बाही उजवीकडं लागली, कॉलर बोकडाच्या कानासारखी उभी राहिली. तशीच घालतो. लोक हसतेत. हसू द्या. मी शिवल्यापासनं दोनदा धुतलीय. तिसऱ्यांदा धुवायला बायकोला बंदी हाय.